चाळीसच्या पुढे नाही

सून : बाबा, या झाकणात मटार कुणी ठेवले?

बाबा : माझ्याकडे बघू नकोस. मी त्यात फक्त चष्मा ठेवला होता.

आई : मी ठेवले. वाटी हाताशी नव्हती. किती दिवस ते टेबलावर पडलंय, मला वाटलं आता ते आपल्याच घरातलं भांडं झालं.

सून : आई, ते नव्या इंजिनाचं झाकण आहे. पहिल्यावहिल्या इंजिनाचं. त्याच्या आतल्या बाजूला बाबांची सही व्हायची आहे.

आई : मग करू देत की. मटार काय सहीच्या आड येतात?

बाबा : सहीच्या आड कुणी येत नसतं. सही मनात यावी लागते.

सून : हा रिवाज मी काढलेला नाही, बाबा. तुमच्याच कारखान्याचा आहे. आधीचं इंजिन ज्याने केलं, त्याने नवं चालवून बघायचं आणि पटलं तर झाकणाच्या आतून सही करायची. तुमच्या इंजिनावर तुमच्या साहेबांची आहेच ना?

बाबा : आहे. एक फेरी मारून आले, उतरले आणि म्हणाले, “कर्कश आहे, पण खोटं बोलत नाही.” मग सही केली.

सून : ते निदान बसले तरी. तुम्ही आमच्या गाडीच्या सीटला हात लावलेला नाही अजून. आधी कंबर दुखत होती, मग आभाळ भरून आलं होतं, मग चष्म्याचा नंबर बदलला.

आई : चष्म्याचा नंबर खरा. कंबर खोटी. कंबर दुखते तेव्हा हे भांडी घासत नाहीत, आणि त्या आठवड्यात रोज घासत होते.

बाबा : घरचा भेदी म्हणतात तो असा.

सून : हसण्यावारी नेऊ नका. उद्या सकाळी बैठक आहे आणि विक्रीवाल्यांना माझा बॅलन्सर काढून टाकायचाय.

आई : तो काय असतो?

सून : इंजिनात दट्ट्या वरखाली होतो ना, त्याने सगळी गाडी हादरते. म्हणून मी आत एक जड दांडा बसवलाय, उलटा फिरणारा. दट्ट्या एकीकडे ओढतो तेव्हा हा दुसरीकडे ओढतो. मग हादरा आतल्या आत जिरतो.

आई : म्हणजे घरात एक जण तापला की दुसऱ्याने गप्प बसायचं, तसं.

सून : अगदी तसं. चार वर्षं गेली माझी त्या एका दांड्यापायी. आणि हे म्हणतात, लोकांना जुनी धडधड हवी आहे, दांडा काढा. बरं, दाखला कुणाचा देतात? तुमचा, बाबा. निवृत्तीच्या दिवशी तुम्ही भाषणात म्हणाला होतात, जी गाडी थरथरत नाही ती जिवंत नाही.

बाबा : निवृत्तीच्या भाषणात माणूस काहीही बोलतो. समोर माइक असतो, आणि मध्येच कुणी थांबवत नाही.

सून : ते वाक्य त्यांनी मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावलंय. आता तुमची सही मी उद्या टेबलावर ठेवली, तरच त्यांचं तोंड बंद होईल. नाही तर दांडा गेला. दांडा गेला की ते माझं इंजिन राहत नाही.

बाबा : आणि मला खरोखरच जुनं बरं वाटलं तर?

सून : तर तसं सांगा. मी ऐकून घेईन, एका खोलीत जाऊन थोडी रडेन आणि उद्या कामावर जाईन. पण चालवून सांगा. न चालवता सही करू नये हे जसं खरं, तसं न चालवता नाही म्हणू नये हेही खरं.

आई : बरोबर बोलतेय ती.

बाबा : तू तिच्या बाजूने गेलीस.

आई : मी कुणाच्या बाजूला नसते. मी मागे असते. एवढी वर्षं मागच्या सीटवर काढली.

सून : नाहीतर कागदावर तरी ऐका. तुमच्यापेक्षा ओढ जास्त, पेट्रोल कमी. चढ आला तरी गिअर बदलावा लागत नाही.

बाबा : गिअर बदलायचाच नाही, तर चढ आला हे कळणार कसं?

सून : बटण दाबलं की सुरू.

बाबा : आमचं लाथ मारली की सुरू.

आई : एका लाथेत कधी झालंय? दोन लाथा, एक शिवी, मग पुन्हा एक लाथ.

सून : तेल गळत नाही.

बाबा : गळतं म्हणून तर कळतं की आत आहे.

सून : आणि हादरे. त्याचा आलेख मी तुम्हाला मुद्दाम दाखवला नाही, वाईट वाटेल म्हणून. तुमची गाडी ताशी तीसला थरथरते, पन्नासला त्याहून जास्त. साठला आरशात मागचं काही दिसतच नाही, नुसता रंग दिसतो. गंमत म्हणजे मध्येच, चाळीसपाशी, रेघ एकदम खाली येते. तिथे तुमचं इंजिन शहाण्यासारखं गप्प असतं. का, ते आमच्याकडे कुणालाच कळलेलं नाही. अपघाताने जमलंय, असं लिहून ठेवलंय.

बाबा : अपघाताने नाही जमलेलं.

सून : मग?

बाबा : जमवलेलं आहे. तेवढीच एक जागा जमली. अलीकडे पलीकडे काही केल्या जमेना.

आई : म्हणून का हे कधी चाळीसच्या पुढे जात नाहीत? बाई गं, सायकलवाले आम्हाला घंटी वाजवून पुढे जायचे. तुझा नवरा लहानपणी सगळ्यांना सांगायचा, आमचे बाबा गाडी चालवत नाहीत, फिरायला नेतात.

बाबा : तो काय सांगतो. दोन इंजिनवाल्यांच्या घरात दातांचा डॉक्टर झाला तो.

सून : झोपलाय तो. त्याला यात ओढू नका. तर मग, एक फेरी?

आई : एक नाही, दोन. तुलना करायची तर नीट करा. आधी जुनी, मग नवी. रस्ता तोच, पुलापर्यंत जाऊन परत. चालवणारा तोच आणि मागे बसणारी तीच.

सून : आई, हे फारच छान. आमच्याकडे मागच्या सीटवर वाळूची पोती बांधतात.

आई : मग पोत्याला विचारता का, कसं वाटलं म्हणून?

सून : नाही विचारत.

आई : तरी बरं.

बाबा : जुनीवर ये तू. नवीवर मी एकटा जाऊन येतो.

आई : का?

बाबा : उगाच. नवी गाडी, हाताची सवय नाही.

आई : पस्तीस वर्षं मी त्या खडखड्यावर तुमच्या मागे बसले, आणि आता गादीवर बसायची वेळ आली तर एकटे जाणार? काही नाही. हेल्मेट कुठंय माझं?

*

आई : धरलंय मी. चला. झालं, सुरू झाली हिची कथा. आता तुम्हाला काही ऐकू यायचं नाही.

बाबा : हं?

आई : काही नाही म्हटलं. समोर बघा.

बाबा : हं.

आई : तर काय सांगत होते. सून गुणी आहे, पण मटार सोलायला बसली की निम्मे खाते. मी बघितलं नाही असं दाखवते. आपल्या घरात न बघण्याचंच शिक्षण मला जास्त मिळालं.

बाबा : हं.

आई : ही आपली शेवटची फेरी असेल या गाडीवरची. नवी आली की ही जाईल कोपऱ्यात. मला वाईट वाटतंय, आणि तुम्हाला ते सांगितलं तर म्हणाल, लोखंडासाठी कशाला वाईट वाटून घ्यायचं. म्हणून इथे सांगतेय.

बाबा : हं.

आई : दिवसभर एक्सचेंजमध्ये बसायचं, कानाला लोकांची बोलणी. नंबर सांगा, लाइन जोडतेय, व्यस्त आहे, थांबा. स्वतःचं एक वाक्य नाही. घरी यावं तर सासूबाई, तुमच्या बहिणी, तुमचे काका. भिंतींना कान असतात म्हणतात, आपल्याकडे तर भिंती कमी आणि कानच जास्त होते. मध्ये हा एवढाच रस्ता. तुम्ही संध्याकाळी न्यायला यायचात आणि समोर ही पाठ असायची. कान नसलेली.

बाबा : हं.

आई : बघा, ‘हं’ म्हणतात. पालथ्या घड्यावर पाणी घालायची सवयच लागली मला. पुढे स्कूटर शिकले, लायसन्स काढलं, बाजारात नेली, मुलाच्या शाळेत नेली. पण कामावर कधी स्कूटर नेली नाही. लोक म्हणायचे, नवऱ्याचं किती प्रेम, रोज न्यायला येतो. मी म्हणायचे, हो. खरं कारण कुणाला सांगू?

बाबा : हं.

आई : आता दिवसभर घर रिकामं असतं. बोलायला कुणाची ना नाही. तर घरात काही सुचतच नाही. तुम्ही तिकडे पेपर घेऊन, मी इकडे. असं दोघांनी गप्प बसायला काय आपण भाडेकरू आहोत?

बाबा : हं.

आई : आज एक सांगून टाकते, पुन्हा ही सीट मिळेल न मिळेल. मला ही चालवायची होती. फार वर्षांपासून. एकदा तुम्ही बाहेरगावी होतात तेव्हा अंगणात बसून बघितलं हिच्यावर. पाय टेकेनात. बोटं नुसती टेकत होती, नाचणाऱ्या बाईसारखी. मग उतरले आणि सीट पुसून ठेवली. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही नाही म्हणाला नसता, पण हसला असता.

बाबा : हं.

आई : ओंडका आहात नुसते.

बाबा : हं.

आई : आणि त्या पोरीला सही द्या हो. आठवडाभर धड जेवत नाही ती. तुमच्या शब्दाला ती देवाचा शब्द मानते, आणि तुम्ही आपले कंबर धरून बसलाय.

बाबा : पूल आला. वळवू का?

आई : वळवा.

*

बाबा : बसलीस नीट?

आई : बसले. करा सुरू.

बाबा : सुरू आहे.

आई : काय सांगता?

बाबा : निघालोय आपण. कोपऱ्यावरचं दुकान मागे पडलं.

आई : हो की.

बाबा : गप्प का?

आई : तुमचा आवाज येतोय मला. स्पष्ट.

बाबा : मलाही तुझा येतोय.

आई : अस्सं.

बाबा : बोल की काहीतरी.

आई : काय बोलू?

बाबा : काहीही.

आई : हवा बरी आहे.

बाबा : हो.

आई : त्या कोपऱ्यावरच्या घराला नवा रंग दिलाय.

बाबा : हो. हिरवा.

आई : हो, हिरवा.

बाबा : आता पन्नासला आहोत आपण.

आई : कळलं नाही.

बाबा : आणि हे साठ.

आई : पदराला कळलं असेल. मला नाही.

बाबा : बोल ना.

आई : समोर बघून चालवा. पूल आला.

बाबा : वळवतो.

आई : हं.

*

सून : आलात. कशी वाटली? बाबा? कशी वाटली?

बाबा : उतरू तर दे.

सून : आई, तुम्ही सांगा. मागच्या सीटचं आधी.

आई : जुनीच बरी.

सून : काय?

आई : तू विचारलंस, मी सांगितलं.

सून : हादरली का कुठे? पायांना काही लागलं?

आई : छे गं. सोफ्यावर बसल्यासारखं.

सून : मग आवाज?

आई : आवाज कुठला? सुरू झालेली मला कळलंच नाही.

सून : मग वाईट काय तिच्यात?

आई : तिच्यावर बोलता येत नाही.

सून : आई, तिच्यावरच बोलता येतं. जुनीवर ओरडावं लागतं. हे मी मोजलंय.

आई : तुझ्या यंत्राला बोलता येत असेल. मला नाही आलं.

सून : बाबा, तुम्ही तरी काही म्हणा.

बाबा : माझी ती खडू-पेन्सिल, धातूवर लिहायची, कुठे ठेवलीय? बघून येतो आत.

सून : गेले. आई, खरं सांगा. माझ्यावर काही राग आहे का? मटारांवरून?

आई : वेडी आहेस. इकडे ये, हळू बोल. आणि तुझ्या नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. मी एवढी वर्षं त्यांच्या पाठीशी बोलत आले. म्हणजे शब्दशः पाठीशी. जे घरात बोलता यायचं नाही, ते त्या गाडीवर बसून बोलायचे. त्यांना काही ऐकू यायचं नाही, म्हणून. सासूबाईंबद्दल, कामाबद्दल, त्यांच्याबद्दलही. मन मोकळं व्हायचं आणि कुणाला लागायचं नाही. घरी पोचेपर्यंत माझी मी चांगली व्हायचे.

सून : आणि मी चार वर्षं खपून तो आवाजच काढून टाकला.

आई : तुझं काही चुकलं नाही. तू चांगलं काम केलंस. पण मला मघाशी तिच्यावर ‘घराला हिरवा रंग दिलाय’ याच्या पलीकडे काही बोलता आलं नाही. इतकं परक्यासारखं वाटलं मला, माझ्याच नवऱ्याच्या मागे बसून.

सून : आता मी काय करू? बॅलन्सर तुमच्यासाठी काढू का?

आई : खबरदार काढलास तर. ते आले बघ.

बाबा : सापडली. कपाटात नव्हती, कपाटावर होती. ते मटार काढा त्या झाकणातून.

सून : म्हणजे सही करताय?

बाबा : आधी ऐकून घे. ओढ छान आहे. क्लच लोण्यासारखा आहे. ब्रेक जरा घाईघाईने लागतो, तो बघ. आणि सीट खाली घेतलीत ते फार बरं केलंत. हिचे पाय टेकतील.

सून : कुणाचे? आईंचे? पण आई तर मागे बसतात. मागे पाय टेकायचा प्रश्न येतो कुठे?

बाबा : म्हणजे, आपलं सहज म्हटलं.

आई : अहो.

बाबा : काय?

आई : माझे पाय टेकत नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं?

बाबा : उंचीवरून कळतंच की.

आई : मी अंगणात बसून बघितलं होतं, हे कुणाला ठाऊक नाही. आज सोडलं तर जन्मात कधी मी ते तोंडातून काढलेलं नाही.

सून : आज कुठे काढलंत?

आई : गाडीवर. जुन्या. पुलाच्या थोडं अलीकडे.

सून : बाबा, पुलाच्या अलीकडे किती वेगात होतात?

बाबा : असेन नेहमीसारखा.

सून : नेहमीसारखा म्हणजे किती?

बाबा : चाळीस.

आई : थांबा. थांबा जरा. मला खुर्ची दे गं.

सून : ही घ्या. बाबा, चाळीसला तुमचं इंजिन गप्प असतं. तुम्हीच म्हणालात, जमवलंय म्हणून.

बाबा : इंजिन ज्या रबरांवर बसतं, ती बदलून बदलून बघत होतो. तेव्हा आमचं नवीन लग्न झालेलं. ही संध्याकाळी मागे बसून काहीतरी बोलायची आणि मला नुसती कुजबुज ऐकू यायची. साहेब म्हणायचे, सत्तरला हादरे कमी कर, लोक सत्तरने जातात. मी चाळीसच्या मागे लागलो. एका संध्याकाळी जमलं. एकदम पहिलं वाक्य ऐकू आलं.

आई : कुठलं?

बाबा : ‘ओंडका आहे नुसता.’

सून : बाबा, म्हणजे त्या सगळ्या गाड्यांत, रस्त्यावर पळतायत त्या सगळ्यांत, ती गप्प जागा आईंसाठी आहे?

बाबा : त्या गाड्यांवरही कुणीतरी मागे बसलेलं असेलच की.

आई : म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंत. पहिल्यापासून.

बाबा : सगळं नाही. समोरून ट्रक आला की जायचं.

आई : स्वयंपाकघरातली खिडकी. मी गाडीवर म्हणाले होते, त्या खोलीत मला कोंडल्यासारखं होतं. आणि दुसऱ्याच महिन्यात तुम्ही भिंत फोडायला माणूस आणलात.

बाबा : धूर साठायचा.

आई : धूर साठायचा म्हणे. आणि मी बढतीच्या परीक्षेला बसले तेव्हा सासूबाईंना तुम्ही अचानक तुमच्या बहिणीकडे नेऊन सोडलंत. मी म्हटलं, काय माझं नशीब, बरोबर वेळेवर घर शांत झालं.

बाबा : आईलाही हवापालट हवा होता.

आई : आणि तुमच्याबद्दल मी काय काय बोलले असेन.

बाबा : घोरण्याबद्दल दोन वेळा. बाकी बरंच. काही खरं होतं, ते मी सुधारलं. घोरण्याचं नाही जमलं.

आई : एवढं सगळं ऐकलंत आणि उत्तर एकदाही नाही? नुसतं ‘हं’?

बाबा : उत्तर दिलं असतं, तर तू बोलायची थांबली असतीस. आज थांबलीस की नाही? हवा बरी आहे, घर हिरवं आहे. मला वाटलं, कुणा पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला निघालोय.

सून : म्हणून तुम्ही नव्या गाडीवर आईंना घेऊन जायला तयार नव्हतात.

बाबा : तुझं इंजिन चांगलं आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पोरी. तू ते दारात आणून उभं केलंस आणि मला आतून कळलंच नाही की सुरू आहे. मी तेव्हाच म्हटलं, संपलं. आता हिला कळणार की मला ऐकू येतं. तुझ्यावर रुसलो नव्हतो मी. घाबरलो होतो.

आई : या वयात घाबरताय मला.

बाबा : तुला नाही. तू गप्प होशील याला.

सून : मला आता खरंच त्या खोलीत जाऊन रडावंसं वाटतंय.

आई : नंतर रड. आधी त्यांना झाकण पुसून दे.

सून : हे घ्या. इथे, आतल्या कडेला.

बाबा : झालं. आणि खाली लिहितो, मागे बसणाऱ्याला विचारून. अगं, तूही कर सही. इथे शेजारी.

सून : बाबा, तसं रिवाजात नाही.

बाबा : रिवाजात वाळूची पोती आहेत. कर गं.

आई : मी नाही करणार.

सून : आई.

आई : न चालवता सही करू नये, असं कोण म्हणालं मघाशी? चावी दे इकडे.

सून : गिअर पायात आहेत हं. स्कूटरसारखे हातात नाहीत.

आई : एवढी वर्षं मागून तेच बघतेय. ते कधी चुकीचा टाकतात तेसुद्धा मला ठाऊक आहे. अहो, तुमचं हेल्मेट घ्या. मागे बसा.

बाबा : मी?

आई : मग काय पोतं बांधू?

*

आई : धरलंत?

बाबा : कुठे धरू?

आई : मी धरायचे तिथेच.

बाबा : क्लच हळू सोड. एकदम नको.

आई : शिकवू नका. बघा, पाय टेकतात. दोन्ही. पूर्ण.

बाबा : बघतोय.

[गाडी एकदा बंद पडते. पुन्हा सुरू होते.]

आई : हसलात का?

बाबा : नाही.

आई : पाठीला कळतं हो, हसलेलं. चला. निघाली बघा. निघाली.

बाबा : छान चाललीय. उजवीकडून घे.

आई : आता बोला.

बाबा : काय बोलू?

आई : काहीही बोला. मला काही ऐकू येत नाही.

बाबा : असं कसं? या गाडीवर तर सगळं...

आई : म्हटलं ना, काही ऐकू येत नाही मला. बोला तुम्ही.

बाबा : बरं. तू निवृत्त झालीस ना, तेव्हापासून संध्याकाळ झाली की मला वाटतं, कुणालातरी आणायला जायचं राहिलंय. चपला घालून दारापर्यंत जातो. किल्लीसुद्धा घेतो हातात. मग आठवतं की तू घरातच आहेस. बरं वाटतं. पण परत आत येताना काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून पेपर उघडतो.

आई : हं.